पदकामागची बाई
(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात एका भगिनीने केलेले भाषण)



मी फौजीची बायको आणि दोन मुलांची आई, म्हणून फौजी घरातल्या आईविषयी बोलायला मला सांगितलं गेलं. पण आज माझ्याविषयी नको. मी ज्यांना कधी भेटले नाही, तरी ज्यांचं नाव माझ्या प्रार्थनेत अनेकदा येतं, अशा एका आदिवासी ख्रिस्ती आईविषयी बोलते. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या जारी गावच्या बलमदीना एक्का. एप्रिल 2021 मध्ये त्या प्रभूघरी गेल्या. कोविडच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. रोज इतक्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या की ही एक बातमी आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असेल.

त्यांचे पती लान्स नाईक अल्बर्ट एक्का. उराव जमातीचे. उरावांच्या कुडुख भाषेत एक्का म्हणजे कासव. ते त्यांच्या कुळाचं नाव. आईवडील जुलियस आणि मरियम. 1962 च्या डिसेंबरात अल्बर्ट फौजेत भरती झाले, आधी बिहार रेजिमेंटमध्ये आणि नंतर 14 गार्ड्समध्ये. 1971 च्या युद्धात त्यांची तुकडी आगरताळ्याच्या पश्चिमेला, आजच्या बांगलादेशातल्या गंगासागर इथल्या शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. समोरून मशीनगनचा मारा होत होता आणि सोबतचे जवान पडत होते. अल्बर्टनी खंदकावर झेप घेऊन ती गन बंद पाडली. स्वतः जबर जखमी झाले, तरी पुढे जात राहिले. मग एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन सुरू झाली. ते सरपटत तिथवर गेले आणि तीही त्यांनी बंद पाडली. तिथेच त्यांनी प्राण सोडला. 3 डिसेंबर हा त्यांचा बलिदान दिन मानतात. 29 वा वाढदिवस 24 दिवसांवर आला होता.

त्या युद्धात चौघांना परमवीर चक्र मिळालं. पूर्वेकडच्या आघाडीवरचं ते एकच, अल्बर्टचं. ते घ्यायला बलमदीना दिल्लीला गेल्या. घरी मुलगा व्हिन्सेंट अगदी लहान होता.

इथे जमलेल्या भगिनींनो, आपल्यापैकी ज्या फौजी घरातल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. नाव आणि नंबर रंगवलेली काळी ट्रंक, क्वार्टरसाठीची थांबाथांब, 56 एपीओचा शिक्का असलेलं पत्र, आणि ते हाती पडेपर्यंत त्यातला मजकूर किती जुना झाला असेल याचा मनातल्या मनात केलेला हिशेब. आमच्या वेळी पोस्टमन तार घेऊन लाइनीत शिरला की दारादारांत उभ्या असलेल्या बायका एकदम गप्प व्हायच्या. तो पुढे गेला की प्रत्येक जण देवाचे आभार मानायची, आणि मग शेजारणीचं दार वाजलेलं ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटायची. फौजीची बायको होणं म्हणजे काय, ते एवढ्यात आलं.

ते परमवीर चक्र दिसतं कसं? कांस्याचं, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर जांभळी फीत. त्याची रचना करणारी व्यक्तीही एका फौजीची बायकोच होती, आणि तिचं सासर मराठी होतं. सावित्रीबाई खानोलकर. जन्म 1913 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावी. माहेरचं नाव ईव्ह इव्होन. सँडहर्स्टला शिकणाऱ्या विक्रम खानोलकरांशी लहान वयातच ओळख झाली आणि 1932 मध्ये त्यांनी हिंदुस्थानात येऊन त्यांच्याशी लग्न केलं. इथलं नाव, इथला धर्म, इथली भाषा त्यांनी आपली मानली. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाच्या रचनेचं काम त्यांच्यावर सोपवलं. स्वतःच्या अस्थी देऊन टाकणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांना ठाऊक होती. त्या अस्थींचं झालेलं वज्र त्यांनी पदकावर घेतलं. आणि पहिलंच परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा यांना, सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीच्या नवऱ्याच्या सख्ख्या भावाला. म्हणजे ते त्यांच्याच नात्यात आलं. 1952 मध्ये त्यांचेही पती गेले. त्या पुढे जवानांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीत उखडलेल्या लोकांसाठी काम करत राहिल्या. 1990 मध्ये त्यांचं निधन झालं.

एका बाईने आखलेलं पदक दुसऱ्या बाईच्या हातात पडलं. एक युरोपातून आलेली, शिकलेली, अधिकाऱ्याची पत्नी. दुसरी छोटा नागपूरच्या जंगलपट्टीतली, जवानाची पत्नी. ज्या घरातून माणूस गेला, त्या घरी ते पदक पेटीत राहतं आणि दिवस पुढे सरकत राहतो. शेत वाट बघत नाही. पोराला ताप येतो. सासूसासऱ्यांचंही दुःख असतं. बलमदीनांनी हे 49 वर्षं केलं. व्हिन्सेंटला वाढवलं, नातवंडं पाहिली.

या काळात अल्बर्टच्या नावाला मान पुष्कळ मिळाला. रांचीच्या मुख्य चौकाला त्यांचं नाव आहे आणि तिथे त्यांचा पुतळा आहे. 2000 मध्ये टपाल तिकीट निघालं. जारीच्या प्रखंडाला त्यांचं नाव दिलं गेलं. आगरताळ्यात त्यांच्या नावाची बाग आहे. या सगळ्याबद्दल देवाचे आभार.

पण बलमदीनांचं मागणं वेगळं होतं. नवऱ्याचा देह घरी आलाच नव्हता. युद्धानंतर अल्बर्ट आणि त्यांच्या साथीदारांना आगरताळ्याजवळच पुरलं गेलं होतं. त्या जागेची माती आपल्या गावी यावी, एवढीच या बाईची इच्छा होती. त्यासाठी 44 वर्षं गेली. डिसेंबर 2015 मध्ये जारीला समारंभ झाला आणि मातीचा कलश त्यांच्याकडे देण्यात आला. सगळ्यांना वाटलं, आता झालं. पण ही माती खरोखर त्याच जागेची आहे का, अशी शंका कुटुंबाने बोलून दाखवली. ती उचलताना घरचं कुणी तिथे नव्हतं. मग जानेवारी 2016 मध्ये व्हिन्सेंट आणि सोबतची मंडळी त्रिपुराला गेली, जागा डोळ्यांनी पाहिली, माती घेतली आणि जारीला आणली.

कुणी म्हणेल, माती ती माती, एवढी घासाघीस कशाला? मला मात्र ही गोष्ट तिच्या आयुष्यातली फार मोठी वाटते. आपण गरीब माणसाला काही दिलं की त्याने हात जोडून ते घ्यावं, अशी आपली सवय असते. इथे एका म्हाताऱ्या आदिवासी विधवेच्या घराने, मोठ्या लोकांसमोर, विचारलं, हे खरं आहे का? त्यात उद्धटपणा नव्हता. ते प्रेम होतं. जिचा माणूस तिथे झोपला आहे तिला खोट्यावर समाधान मानायला कोण सांगणार? मरियम मग्दालियासुद्धा कबरेजवळ रडत उभी राहून हेच विचारत होती की, त्याला कुठे ठेवलंय ते मला सांगा.

बंधुभगिनींनो, आपण आदिवासी पाड्यांवर काम करणारे लोक आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगते. छोटा नागपुरात 1845 मध्ये गॉस्नर मिशनचे सेवक आले. 1885 मध्ये बेल्जियमचे फादर लिव्हेन्स आले. लोकांचं दुखणं जमीन आणि सारा हे आहे, असं त्यांना दिसलं. तेव्हा त्यांनी जमिनीचे कायदे समजून घेतले आणि लोकांना कोर्टात आपली बाजू मांडायला मदत केली. आधी ऐकलं, मग दिलं. आपल्या देणग्या, वह्यापुस्तकं, चादरी यांचंही मोल तेवढंच, जेवढं आपण आधी विचारलेलं असेल. बाई, तुला काय हवंय? हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो. ओसरीवर बसावं लागतं, भाषा शिकावी लागते, आणि उत्तर आपल्या यादीत बसणारं नसलं तरी ते ऐकावं लागतं.

आपल्या मंडळ्यांमध्येही फौजी घरं आहेत. 26 जानेवारीला आपण त्यांच्यासाठी उभं राहून प्रार्थना करतो, ते चांगलंच आहे. पण नवरा सीमेवर असलेल्या बाईला रात्री मुलाला दवाखान्यात न्यायला कुणी सोबत लागतं. विधवेला निवृत्तिवेतनाचा कागद समजावून सांगणारं कुणी लागतं. तिची गोष्ट दहाव्यांदा ऐकणारंही कुणी लागतं.

येत्या 3 डिसेंबरला आपापल्या घरी प्रार्थनेला बसाल, तेव्हा अल्बर्ट एक्का यांच्यासोबत बलमदीनांचंही नाव घ्या. आणि त्याच आठवड्यात ओळखीतल्या एखाद्या फौजी घरच्या आईकडे जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. तिच्याजवळ बसा आणि तिला काय हवंय ते विचारा.

देव तुम्हांला आशीर्वाद देवो. आमेन.