प्रत्येक लेकराचा ईमेल वेगळा, किल्ली आईकडे



नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आता आपलीही लेकरं मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या क्लबात नाव घालायचं म्हणतात. घरात फोन एक, लेकरं दोन. मग थोरल्याच्या ईमेलवरच धाकटीचं काम भागवायचं का?

बचत गटात आपण प्रत्येकीचं पासबुक वेगळं ठेवतो. दोघींची बचत एकाच पासबुकात लिहिली, तर कुणाचे किती ते कसं कळणार? इथंही तसंच आहे. बहुतेक क्लब एका ईमेलवर एकच खातं देतात. पासवर्ड विसरला, तर नवा करायची लिंक त्याच ईमेलवर येते. म्हणजे ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती खातं. उद्या भावानं रागात पासवर्ड बदलला, की बहिणीचा खेळ अडकला. आणि अशा वेळी घरात मुलीलाच म्हणतात, ‘जाऊ दे गं.’

म्हणून ईमेल प्रत्येकाचा वेगळा काढा. मूल १३ वर्षांच्या आतलं असेल, तर ‘फॅमिली लिंक’मधून आई किंवा वडील त्याचं गूगलचं खातं काढून देऊ शकतात. मग कोणतं ॲप घ्यायचं, फोन किती वेळ बघायचा, हे तुम्हाला ठरवता येतं.

जन्मसाल खरं तेच टाका. वय वाढवून लिहिलं, तर ॲप लेकराला मोठं माणूस समजतं आणि लहानांसाठी ठेवलेली राखण मिळत नाही. क्लबात पूर्ण नाव, गाव, शाळा लिहू नका. टोपणनाव पुरे.

खातं परत मिळवण्यासाठी मोबाईल नंबर द्यायचा, तो तुमचा, चालू असलेला द्या. सिम बदललं की तिथंही नंबर बदला. पासवर्ड वहीत लिहून वही ट्रंकेत ठेवा. २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणून गटाची बैठक असेल त्या दिवशी, महिन्यातून एकदा, प्रत्येक ईमेल उघडा. लेकराला शेजारी बसवून संदेश वाचा, त्याच्या चोरून नको.

ओटीपी कुणालाही सांगू नका. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली, तर लगेच १९३० वर फोन करा. लेकराला कुणी त्रास देत असेल, तर १०९८ वर. हे दोन्ही नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.