शिक्षकाच्या लेखनासाठी एकांत



वर्गात गवसलेले शिक्षकाबरोबरच निवृत्त होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेल्या बालशिक्षणकार्याचे तसे झाले नाही. गुरे राखणाऱ्या मुलांची कुरणशाळा आज कळते, ती त्यांनी लिहून ठेवले म्हणून.

१९९० साली अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी अध्यापनालाही विद्वत्तेचा मान मागितला. पुढे पाश्चात्त्य विद्यापीठांत अध्यापकांची निवासी लेखनशिबिरे रुजली. काही दिवस तास नाहीत, उत्तरपत्रिका नाहीत. लिहावे आणि परस्परांस वाचून दाखवावे. भाषणांना तेथे फारसा वाव नसतो, हे आपल्याकडे जरा जडच जाईल!

शिक्षिकेला घरी असा एकांत मिळणे तर दुर्मिळच. जुन्या ग्रंथालयापाशी शांतता, संदर्भग्रंथ व चोखंदळ वाचक तिन्ही असतात. मे महिन्याच्या सुट्टीत अभ्यासिकेतील एक मेज शिक्षकांसाठी राखण्यास खर्च फारसा येणार नाही.