उरलेल्या बारा किल्ल्यांचा हिशेब

(भोर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘आत्मपरीक्षण आणि आयुष्याचे नियोजन’ हा आजचा विषय. तो मांडायला मी शिवाजी महाराजांच्या राजगडाकडे जाणार आहे. पण रायरेश्वराची शपथ, तोरण्यावर सापडलेले धन, मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभी राहिलेली राजधानी हे आपल्या मुलांना पाळण्यातच ऐकायला मिळते, म्हणून ते आज बाजूला ठेवतो. मला 1665 ते 1670 ही पाच वर्षे तुमच्यासमोर मांडायची आहेत.

जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला. 23 किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. महाराजांकडे उरले 12 किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख. राजगड आणि तोरणा त्या बारांत होते, पण समोर दिसणारा सिंहगड गेला होता आणि पुरंदरही गेला होता. पुढच्या वर्षी आग्र्याची कैद झाली, तिथून सुटका झाली आणि 1666 मध्येच महाराज पुन्हा राजगडावर आले. कोणत्याही माणसाला वाटले असते की आता लगेच काहीतरी करून दाखवावे. महाराजांनी तसे केले नाही. 1667 ते 1669 ही जवळजवळ तीन वर्षे मोगलांशी मोठी लढाई झाली नाही, 1668 मध्ये तर त्यांच्याशी सलोखाही झाला. या काळात राज्याची घडी बसवण्याचे काम चालले होते: महसूल, किल्ल्यांची व्यवस्था, कारभाराची शिस्त. मग 1670 च्या फेब्रुवारीत सिंहगड आला, मार्चमध्ये पुरंदर आला आणि गेलेले बहुतेक किल्ले एकामागून एक परत आले.

सिंहगडावर पोवाडे झाले. त्या तीन शांत वर्षांवर कोणी पोवाडा रचला नाही. माझ्या मते 1670 चा विजय त्या तीन वर्षांतच तयार झाला. आत्मपरीक्षण म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी तेवढा काळ दाखवीन. गेलेल्या तेवीसांचे दुःख होतेच. पण काम सुरू झाले ते उरलेल्या बारांच्या हिशेबापासून.

आता आपल्या घरात येऊ. भोर आणि वेल्हे या आपल्या दोन्ही तालुक्यांतला मुलगा बारावी झाला की त्याच्यापुढे साधारण तीनच वाटा असतात. भरती, स्पर्धा परीक्षा, नाहीतर शिरवळ किंवा खेड शिवापूरला कंपनीत लागणे. तिन्ही वाटा चांगल्या आहेत. पण त्यातली कोणती आपली, हे ठरवते कोण? बहुतेक वेळा मित्र ठरवतात. आळीतला एक जण पहाटे ग्राउंडला जाऊ लागला की पाच जण जाऊ लागतात. एक जण पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसला की त्याच्या खोलीवर आणखी दोघे राहायला जातात. दुसऱ्याच्या पायवाटेने गेलात तरी धाप तुम्हालाच लागणार.

पोलीस शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या गटाला 28 आणि मागास प्रवर्गांना 33 आहे. राज्यसेवेची मर्यादा त्याहून बरीच लांब, थेट अडतिशीपर्यंत आणि काहींना त्यापुढेही जाते. सरकारने ती उमेदवाराच्या सोयीसाठी लांबवली हे मान्य. पण ही मर्यादा सरकारची झाली. तुमची मर्यादा कोणती? घरात किती वर्षे कमाई आली नाही तर चालेल? धाकट्या बहिणीचे शिक्षण त्यात अडकते का? हे आकडे कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसतात. ते तुम्हाला आई-वडिलांसमोर बसून ठरवावे लागतात, आणि पहिल्या प्रयत्नाआधी ठरवावे लागतात. चौथ्या अपयशानंतर माणूस हिशेब करत नाही, तो स्वतःला दोष देतो.

सैन्यात अग्निवीर भरती करणारी अग्निपथ योजना 2022 मध्ये आली. विशीच्या आसपासचे वय, चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुले कायम. म्हणजे चारांतली निदान तीन मुले पंचविशीच्या आसपास परत गावात येणार. ज्याला जायचे आहे त्याने जरूर जावे, मला त्याचा अभिमानच वाटेल. पण पाचव्या वर्षाचे पान जाण्याआधीच लिहून घरी ठेवावे. ते एक पान कोरे राहिल्यामुळे उमदी मुले परतल्यावर गोंधळलेली दिसतात.

वाट निवडायला मदत करण्याचा विचार जुनाच आहे. अमेरिकेत बोस्टन शहरात 1908 साली फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे कार्यालय काढले. त्याच वर्षी तो वारला, आणि पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की आधी स्वतःला ओळखा, मग काम ओळखा, आणि मग शांत डोक्याने दोहोंचा मेळ घाला. आपल्याकडे राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडे मुलाचा ओढा किती, ते त्यातून कळायचे. उपक्रम चांगला होता. पण ते पहिले पाऊल होते, आणि अनेक घरांत तेच शेवटचे ठरले. कागदावर ‘ललित कला’ आले, पण ते कुठे शिकवतात, खर्च किती, राहायचे कुठे, शिकून झाल्यावर पोट कशावर भरते, हे खोऱ्यातल्या मुलीला सांगणारे कोणी नव्हते. कल कळून काम कळले नाही, तर मुलगी शेवटी मैत्रिणीने घेतलेली शाखाच घेते.

मुलींबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्या भागात मुलीचे नियोजन तिच्या लग्नाच्या तारखेपासून उलटे मोजत येतात. दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचे पुढचे शिक्षण कधी कधी एसटीच्या शेवटच्या गाडीच्या वेळेवर ठरते. अशा मुलीला ‘ध्येय ठेव’ सांगण्याआधी तिच्या वडिलांनी वसतिगृहाची चौकशी करावी. आत्मपरीक्षण तिने करायचे, पण वाट घरच्यांनी मोकळी करायची.

आणि आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, त्याबद्दल बोलतो. जमीन. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. आपल्या दोन तालुक्यांत एवढी धरणे. त्यांच्या पाण्याने खालचे तालुके आणि पुणे शहर वाढले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्याचे नियोजन दुसऱ्यांनी केले. त्यांना कोणी विचारले नाही. आज मात्र जी जमीन जाते आहे, ती आपल्या सहीने जाते आहे. पुण्याहून गिऱ्हाईक येते, धरणाकाठचा किंवा गडाच्या पायथ्याचा तुकडा मागते, एकरकमी पैसा समोर ठेवते. घर बांधले जाते, गाडी येते, लग्न थाटात होते. पाच-सात वर्षांनी तोच मुलगा त्याच तुकड्यावरच्या फार्महाउसवर राखणदार म्हणून उभा असतो.

विकू नका, असे मी म्हणत नाही. आजारपण असते, कर्ज असते. पण कूळकायद्याचे कलम 63 प्रत्येक तरुणाने माहीत करून घ्यावे. जो शेतकरी नाही, त्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेवटचा गुंठा विकून सातबाऱ्यावरून नाव गेले, की उद्या हातात पैसा आला तरी घराण्याला पुन्हा शेतकरी होणे अवघड जाते. करिअरच्या कोणत्याही मार्गदर्शन वर्गात हे सांगत नाहीत. आपल्या भागात मात्र हाच नियोजनाचा पहिला धडा असायला हवा. बारा किल्ले उरले आहेत, तर त्यातले दोन आणखी द्यायचे का, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो.

आता या उरलेल्या बारांत काय काय धरायचे? फक्त गुणपत्रिका नव्हे. भाताची लावणी येते, गुरांचे दूध काढता येते, इर्जिकीच्या सामूहिक कामाला चार माणसे हाकेसरशी गोळा करता येतात, खोऱ्यातली प्रत्येक वाट पायाखालची आहे, हे सगळे एका वहीत लिहा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपला राजगड आहे. आता जगभरातून माणसे गडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला आणि पालीला उतरतील. त्यांना गड नीट समजावून सांगणारा, घरी स्वच्छ खोली आणि आपले जेवण देणारा, पावसाळ्यात कोणती वाट धोक्याची ते सांगणारा माणूस कोण असणार? पुण्याची एखादी कंपनी ते करील, किंवा आपली मुले करतील. त्यासाठी इतिहासाचे वाचन लागते, दोन भाषा लागतात, हिशेब लागतो, प्रथमोपचार लागतात. हे एका मोसमात येत नाही. दोन-तीन शांत वर्षे द्यावी लागतात, आणि ती देताना शेजारचा मुलगा पुढे गेलेला पाहावा लागतो. ते सोसण्याची तयारी आहे का, हेही त्याच वहीत प्रामाणिकपणे लिहा.

कोणी विचारील, एवढे लिहायचे कशाला, मनात असतेच की. मनातला हिशेब आपल्या बाजूने झुकतो, हा माझा अनुभव आहे. चुका तो विसरतो, यश फुगवून ठेवतो. कागदावर तारीख घालून लिहिलेले वाक्य सहा महिन्यांनी तुमच्यासमोर येते, तेव्हा ते बदलता येत नाही.

थोड्याच दिवसांत दहावी-बारावीचे निकाल लागतील आणि प्रवेशाची घाई सुरू होईल. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. निकालाच्या आधी एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवा. दूरदर्शन बंद, मोबाइल बाजूला. मुलाला एक वही द्या. आपल्याकडे काय आहे, काय येते, काय आवडते आणि किती वर्षे देता येतील, ते त्याचे त्याला लिहू द्या. आणि दुसऱ्या वहीत तुम्ही तुमचे लिहा: जमीन किती, कर्ज किती, मुलांना किती वर्षे आधार देऊ शकता. मग दोन्ही वह्या समोरासमोर ठेवा. प्रवेश अर्ज त्यानंतर भरा.