वारा आणि तापलेले पाते

तापलेली वस्तू थंड करावयाची तर तिला वारा घालावा, हे लहान मुलासही ठाऊक असते. एवढ्याने भागले नाही तर वारा अधिक जोराने घालावा, असेही कोणी सहज म्हणेल. परंतु केवळ वाऱ्याचा जोर वाढवून हे काम फार पुढे जात नाही, असा यंत्रविद्येचा अनुभव आहे. त्याचे कारण मोठे उद्बोधक असून, त्यावर योजलेल्या उपायाशी आज जेट विमानाने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा संबंध आहे.

हवा ही मुळातच उष्णतेची मंद वाहक. तिची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते. त्यातून वाहत्या हवेचा भिंतीलगतचा अगदी पातळ थर भिंतीलाच चिकटून राहतो. इ. स. १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने या 'सीमास्तरा'ची कल्पना मांडली. मुख्य प्रवाह कितीही खवळलेला असो, भिंतीजवळच्या पापुद्र्यात हवा संथच असते. तेथे उष्णतेला एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे अशी हळूहळू वाट काढावी लागते. तापलेल्या धातूने अंगावर घोंगडीच पांघरावी, तसा हा प्रकार होय.

ही घोंगडी झिजवावी कशी? १८८३ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मँचेस्टर येथे काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी होता तोवर धार सरळ राहिली; वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती विस्कटून सर्वत्र पसरली. खवळलेला प्रवाह रंगाप्रमाणेच उष्णताही चोहीकडे मिसळून टाकतो. म्हणून थंड करण्यासाठी असाच प्रवाह हवा, हे खरे. तथापि तो एकदा लाभल्यावर नळीतील वाऱ्याचा वेग दुप्पट केला, तर उष्णता दुप्पटही वाहून नेली जात नाही. ती पावणेदोन पटीच्या आसपासच राहते. उलट वारा ढकलणाऱ्या यंत्राला शक्ती मात्र सुमारे सातपट खर्चावी लागते. असा व्यवहार कोणास परवडावा?

जेट विमानाच्या एंजिनात हा प्रश्न अगदी निकराचा होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला निकेलची टंचाई जाणवू लागली. उष्णतेस टिकणाऱ्या उत्तम मिश्रधातू दुर्मिळ झाल्या, तेव्हा 'युमो ००४' या एंजिनासाठी टर्बाइनची पाती पोकळ करून त्यांतून हवा खेळविण्यात आली. गरजेपोटी निघालेली ही वाट पुढे राजमार्ग ठरली. आजच्या मोठ्या एंजिनांत टर्बाइनवर येणारा वायू दीड हजार अंश सेंटिग्रेडहूनही तप्त असतो, आणि पात्याची निकेलमिश्रित धातू तेराशे ते चौदाशे अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे पाते आपल्या वितळणबिंदूहून तप्त वायूत, मिनिटाला हजारो फेऱ्या घेत, वर्षानुवर्षे टिकावयाचे! अपेक्षेपेक्षा अवघे तीस अंश अधिक तापले, तरी त्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते.

पात्याच्या पोटातील अरुंद मार्गांतून जी हवा जाते, तीच येथे त्याचे रक्षण करते. या मार्गांच्या भिंती गुळगुळीत ठेवीत नाहीत; त्यांवर ठराविक अंतराने बारीक आडवे कंगोरे काढतात. हवा कंगोऱ्यावर अडखळते, त्यामागे भोवरा उठतो, आणि कंगोऱ्याच्या उंचीच्या सहा ते आठ पट अंतरावर प्रवाह पुन्हा भिंतीवर येऊन आदळतो. तेथे ती घोंगडी फाटते व उष्णता वेगाने बाहेर पडते. कंगोरे फार दाट बसविले, तर हवा माथ्यामाथ्यांवरून निघून जाते व मधल्या खोबणीत शिळी हवा कोंडून राहते. फार विरळ बसविले, तर संथ थर पुन्हा जाड होतो. म्हणून दोन कंगोऱ्यांतील अंतर उंचीच्या सुमारे दसपट ठेवणे बहुधा हितकर ठरते. कंगोरे थोडे तिरके केले, तर प्रवाहाला पीळ पडून लाभ आणखी वाढतो.

या युक्तीने गुळगुळीत भिंतीच्या दुप्पट-तिप्पट उष्णता नेता येते. पण तीही फुकट नाही. घर्षण चौपट, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक वाढते. शिवाय ही हवा एंजिनाने स्वतःच्या शक्तीने दाबलेली असते. तिचा सुमारे पाचवा हिस्सा थंड करण्याच्या कामी गेला, तर इंधनाच्या कामाचा काही भाग वाया जातो. म्हणून आता कंगोऱ्यांऐवजी उथळ खळगे पाडून पाहतात. त्यांत उष्णतेचा लाभ थोडा कमी, पण घर्षणाचा भुर्दंडही पुष्कळ कमी पडतो.

तात्पर्य, येथे जोरापेक्षा जागा महत्त्वाची. अडथळा नेमका कोठे, किती उंच आणि किती अंतरावर असावा, याचा हिशेब ज्याला साधला, त्याने थोड्या वाऱ्यात पुष्कळ काम करून घेतले. उतारूला खिडकीतून पंख आणि ढग तेवढे दिसतात; पण त्याचा प्रवास सुखरूप होतो, त्यात मिलिमीटरभर उंचीच्या या कंगोऱ्यांचाही वाटा असतो.