किल्ली कोणाजवळ आहे?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, हा आपणा सर्वांच्या दृष्टीने भाग्याचा योग आहे. ज्या पूर्वजांनी एक-एक रुपया जमवून मंदिराचा जीर्णोद्धार केला, शाळा उभारली, बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह बांधले, त्यांचे ऋण माझ्या अगोदरच्या वक्त्यांनी मोठ्या आदराने व्यक्त केले आहे. मी त्याची पुनरुक्ती करीत नाही. मी कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. ताळेबंद मांडताना संभाव्य देण्याचीही नोंद करावी लागते, असे आम्हाला शिकविले आहे. संयोजकांनी मला 'न्यासाच्या वास्तू व त्यांची निगा' हा विषय दिला आहे. त्यात अशाच एका संभाव्य देण्याकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. रात्री-अपरात्री आपल्या एखाद्या इमारतीस आग लागली आणि अग्निशामक बंब दारात आला, तर त्या जवानांना आत कोण घेणार? किल्ली कोणाजवळ आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. 1994 सालची गोष्ट आहे. तेव्हा आपला तालुका परभणी जिल्ह्यात होता. लग्नसराई ऐन भरात होती आणि दुकानामागील गोदाम मालाने भरले होते. राखणीसाठी एक तरुण गुमास्ता तेथे झोपत असे. माल जाऊ नये म्हणून आम्ही बाहेरून कुलूप लावून किल्ली घरी नेत असू. वडिलांच्या वेळेपासूनची ती रीत होती. तिच्यात काही चूक आहे असे कधी मनातही आले नाही. त्या रात्री मी एका नातलगाच्या लग्नासाठी वाशीमला गेलो होतो आणि किल्ली माझ्या खिशात होती. मध्यरात्रीनंतर तारांच्या जोडातून ठिणगी पडली व गाठोडी धुमसू लागली. शेजारच्या मिस्त्रींना धुराचा वास आला. त्यांनी पहार आणून कोयंडा उखडला आणि त्या मुलाला बेशुद्धावस्थेत बाहेर काढले. पुढे कित्येक महिने त्याचा खोकला गेला नाही, पण तो वाचला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. त्याचे वडील बाकावर बसले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, कुलूप कापडाला होतं की पोराला?" मला उत्तर देता आले नाही. आजही ते देता येत नाही. जळालेल्या मालाची नोंद मी नुकसान खाती केली. या प्रश्नाची नोंद कोणत्या खात्यात करावी, ते मला कळलेले नाही.

पुढे वाचनात आले की, आमच्याच धंद्यात हीच चूक जगाच्या दुसऱ्या टोकाला फार पूर्वी घडली होती. न्यूयॉर्क शहरात 25 मार्च 1911 रोजी ट्रँगल नावाच्या, स्त्रियांचे पोलके शिवणाऱ्या कारखान्यास आग लागली. नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल लपवून नेऊ नये म्हणून ते बंद ठेवीत, असे पुढे चौकशीत समोर आले. त्या आगीत 146 जण मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण तर ताजे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात 3 एप्रिल 2024 च्या पहाटे एका शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून गेले. त्यानंतर 18 मे 2025 रोजी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. त्यात मालक व त्यांच्या कुटुंबीयांसह आठ जण दगावले. या ठिकाणी दारांचे काय झाले, याविषयी मला काही म्हणायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, अशी वेळ बहुधा माणसे गाढ झोपेत असताना येते, आणि ज्वाळा पोहोचण्यापूर्वी धूर पोहोचतो. धूर किल्ली शोधण्यास अवधी देत नाही.

बंधूंनो, बाहेरून येणाऱ्या जवानांचाही विचार आपण केला पाहिजे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. त्यात 66 अग्निशमन जवान प्राणास मुकले. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आम्हा कापडवाल्यांचे ज्या काळबादेवीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, तेथे मे 2015 मध्ये गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. परक्या इमारतीत धुरातून शिरणाऱ्या माणसाला दार कोठे, जिना कोठे, विजेचा मुख्य खटका कोठे हे ठाऊक नसते. त्याचा जो वेळ आपण शोधाशोधीत घालवितो, तो त्याच्या आणि आतल्या माणसाच्या आयुष्यातून वजा होतो.

आता आपल्या परिसराकडे वळू. मागील महिन्यात एका रविवारी दुपारी मी व दोन विश्वस्त घड्याळ लावून परिसरात फिरलो. वसतिगृहाच्या मागील जिन्याचे दार उघडून दाखवा, असे आम्ही पहारेकऱ्यास सांगितले. त्याने कार्यालयातून जुडगा आणला. त्यात सत्तावीस किल्ल्या होत्या. एकीवरही खूण नव्हती. त्यांपैकी एकही लागली नाही. शेवटी कळले की ती किल्ली व्यवस्थापकांच्या घरी आहे, आणि व्यवस्थापक हिंगोलीस गेले आहेत. दार उघडले तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती. आत मांडवाचे जुने कापड आणि मोडकी बाके जिन्यावर रचून ठेवली होती. भरदिवसा, शांत चित्ताने, तिघे जाणकार असताना ही अवस्था! त्या जिन्याच्या वरच्या मजल्यावर रोज रात्री आपली मुले झोपतात. यात मी कोणा एकाला दोष देत नाही. मी स्वतः नऊ वर्षे विश्वस्त आहे आणि या नऊ वर्षांत मीही ते दार कधी उघडून पाहिले नव्हते.

यावर काही मंडळी म्हणतील, कुलपे सैल केली तर चोरीचे काय? शंका योग्य आहे. मूर्तींच्या व दानपेट्यांच्या चोरीच्या बातम्या आपण वाचतो. परंतु येथे आपला एक घोटाळा होतो, असे मला वाटते. आपल्या तिजोरीला तीन किल्ल्या आहेत आणि तिन्ही विश्वस्त एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही. धनासाठी ही रीत उत्तम आहे. पण माणसे जेथे झोपतात, शिकतात, त्या दाराला नेमकी उलट रीत हवी. तेथेही तीन किल्ल्या असाव्यात. पण तिघांपैकी कोणीही एकटा आला तरी दार उघडले पाहिजे. आपण तिजोरीचा नियम दाराला लावून बसलो आहोत.

परदेशात यावर एक सोपा उपाय रूढ आहे. अमेरिकेत अनेक शाळा व महाविद्यालये प्रवेशद्वाराशेजारी भिंतीत पोलादाची एक छोटी पेटी बसवितात. तिच्यात त्या इमारतीच्या किल्ल्या असतात, आणि पेटी उघडण्याची किल्ली फक्त अग्निशमन दलाकडे असते. चोराला पेटी उघडत नाही आणि जवानाला दार फोडावे लागत नाही. जर्मनीत तर अशी पेटी आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेशी जोडलेली असते. आपल्या तालुक्याच्या गावी एवढा खर्च करण्याची आवश्यकता नाही. त्यामागील विचार तेवढा आपण घ्यावा.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे अशा इमारतींतील आगीच्या बंदोबस्ताची जबाबदारी मालकाची वा ताबेदाराची, म्हणजे आपल्या बाबतीत न्यासाची आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैमध्ये घ्यावयाचा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेचे म्हणणे असे की, बाहेर पडण्याचे दार आतील माणसाला किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. भिंतीवर लाल नळकांडी टांगल्या की कर्तव्य संपले, असे नाही.

म्हणून मी विश्वस्त मंडळापुढे पुढील सूचना नम्रपणे ठेवतो. वसतिगृह व धर्मशाळेच्या ज्या दारामागे माणूस झोपतो, त्याला बाहेरून कुलूप कदापि लावू नये. आतून साधी कडी असावी. प्रत्येक दाराला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पितळी बिल्ल्यावर कोरून किल्लीस बांधावा. किल्ल्यांचे तीन पूर्ण संच करावेत : एक कार्यालयात, एक पहारेकऱ्याच्या खोलीत काचेच्या पेटीत, आणि एक परिसराला लागून राहणाऱ्या एखाद्या विश्वासू कुटुंबाकडे. हे कुटुंब आपल्या समाजाचे असलेच पाहिजे, असा आग्रह नको. माझ्या गोदामाचे दार ज्यांनी फोडले, ते आपल्या समाजाचे नव्हते. मुख्य फाटकाशी परिसराचा एक नकाशा लावावा. त्यात जिने, विजेचा मुख्य खटका, स्वयंपाकघरातील गॅसच्या टाक्या, विहीर व हौद दाखवावेत. त्याखाली 101 आणि 112 हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत.

सुवर्णमहोत्सवानिमित्त जी स्वागत कमान बांधण्याचे ठरले आहे, तिची उंची व रुंदी अग्निशमन अधिकाऱ्यांना विचारूनच निश्चित करावी. देणगीदारांची नावे कोरलेल्या कमानीखाली बंब अडकला, तर ती नावे आपण कोणत्या तोंडाने वाचणार? आणि दरवर्षी 14 एप्रिलला दलाच्या जवानांना सन्मानाने बोलवावे, परिसर दाखवावा, त्यांच्यासमक्ष प्रत्येक दार एकदा उघडावे व लागलेला वेळ वहीत लिहावा. पहिल्या वर्षीची नोंद मी सांगितलीच आहे : चाळीस मिनिटे.

मंदिराविषयी एक नाजूक गोष्ट बोलतो. आपत्काळी जवान बूट घालूनच आत शिरतील; त्यांना दारात थांबविता येणार नाही. पहारेकऱ्याने अशा वेळी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये, हे आपण आज ठरवून त्याला लेखी द्यावे. शुद्धी नंतर करता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आपण खाली पाहून चालतो. प्रमादातून घडते तीही हिंसाच, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. विसरलेली किल्ली हा प्रमादच होय.

या सर्वांस फार खर्च नाही. बिल्ले, कुलपांच्या जादा किल्ल्या, नकाशा व काचेची पेटी यांचा भार मी माझ्याकडे घेतो. ही देणगी समजू नये व तिची पाटी लावू नये. एक जुने देणे अंशतः फेडण्याची संधी म्हणून मी ती मागत आहे. तो गुमास्ता पुढे स्वतःचे दुकान चालवू लागला. दिवाळीला अजूनही भेटावयास येतो. तो आला की मला त्याच्या वडिलांचा प्रश्न आठवतो.

आज घरी जाताना आपणही आपापल्या दुकानाचे, गोदामाचे, घराचे कुलूप लावताना क्षणभर थांबावे आणि आत कोणी आहे काय, हे पाहावे.