खतावणी कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)

छोट्या दुकानदाराविषयी आपल्या चळवळीच्या मनात नेहमीच थोडा संकोच राहिला आहे. तो भांडवलदार नव्हे, आणि कामगारही नव्हे. १९७२ च्या सुमारास मृणालताई गोरे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतली, तेव्हा साठेबाज व्यापारी हा आपल्या रोषाचा विषय होता. पण संपात पगार थांबला की कामगाराच्या घरी उधारीवर धान्य देणाराही बहुधा कोपऱ्यावरचा वाणीच असे. आज त्याच्या घरातील तिसरी पिढी विचारते आहे, ‘आजोबांचे दुकान टिकवायचे तर ते मोबाईलवर न्यावे काय?’ या प्रश्नाकडे आपण पाठ फिरवू शकत नाही.

न्यावे, हे माझे उत्तर आहे. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद नव्हे. घरबसल्या माल मिळणे ही वृद्धांची आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांची खरी सोय आहे. प्रश्न आहे तो अटींचा.

कुटुंबाच्या दुकानाचे भांडवल केवळ फळीवरच्या मालात नसते. ते उधारीच्या वहीत असते. कोणाचा पगार कोणत्या तारखेला होतो, कोणाच्या घरी कोणता तांदूळ लागतो, कोणाला किती दिवस थांबावे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते. आणि गल्ल्यावर बिनपगारी बसणाऱ्या घरच्या स्त्रीला ते अनेकदा दोघांपेक्षा अधिक असते. दुकान एखाद्या बड्या कंपनीच्या मंचावर गेले की ही खतावणी आपोआप लिहिली जाते, पण दुसऱ्याच्या कोठारात. कोणत्या वस्तीत काय खपते हे मंचाच्या मालकाला कळते. आज तो दलाली घेतो. उद्या ती वाढवतो आणि परवा तोच माल स्वतःच्या छापाने विकतो. दुकानदार मालक राहत नाही, कूळ होतो. जमिनीच्या कुळासाठी आपण कूळकायदा मिळवला. या नव्या कुळाला संरक्षण कोणते?

कायदे नाहीत असे नाही. २०१६ च्या धोरणाने परकी भांडवलाला ऑनलाइन व्यापारात केवळ बाजारपेठ चालविण्याची मुभा दिली, स्वतःचा माल विकण्याची नव्हे. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १,६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. मंचाची भागीदारी असलेल्या विक्रेत्याने त्याच मंचावर माल विकू नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. तरीही मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाला जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश द्यावा लागला. नियम कागदावर असला तरी संघटित शक्तीवाचून तो राबत नाही, हा आपला जुनाच अनुभव आहे.

म्हणून एकट्या दुकानदाराने बड्या मंचाशी करार करणे हा मार्ग नव्हे. मार्ग सहकाराचा आहे. १९४८ मध्ये नायगावच्या कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला तो ग्राहकांच्या सहकारातून. आता दुकानदारांच्या सहकाराची गरज आहे. जर्मनीत १८९८ मध्ये बर्लिनच्या किराणा दुकानदारांनी एकत्र खरेदीसाठी सोसायटी काढली. तिच्यातून वाढलेली ‘एडेका’ आज त्या देशातील किराणा व्यापारात अग्रस्थानी आहे, आणि तिची कित्येक दुकाने अजूनही स्वतंत्र दुकानदारांच्या मालकीची आहेत.

आपल्याकडे तालुक्यातील पन्नास दुकानांनी एकत्र खरेदी करावी, मागणी नोंदविण्याची एकच व्यवस्था ठेवावी आणि ग्राहकांची नोंद सोसायटीच्या मालकीची राखावी. ओएनडीसी हे ना-नफा जाळे २०२१ च्या अखेरीस स्थापन झाले आहे. त्यात ग्राहक एका अॅपवर आणि विक्रेता दुसऱ्यावर असला तरी व्यवहार होतो. म्हणजे सोसायटीला त्यात स्वतःच्या दारातून शिरता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीची मोकळीक आहे. अडथळा आता कायद्याचा कमी आणि एकमेकांवरील अविश्वासाचा अधिक आहे.

मात्र आपला पाठिंबा बिनशर्त नसावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमातील बहुतेक संरक्षण ठरावीक किंवा त्याहून अधिक संख्येने कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. पुड्या बांधणारा पोऱ्या आणि सायकलवरून माल पोचविणारा तरुण त्याबाहेर राहतात. ज्या सोसायटीला आपण साहाय्य करू, तिने त्यांना ठरलेले वेतन, साप्ताहिक सुटी आणि अपघात विमा दिला पाहिजे. आणि गल्ल्यावर बसणाऱ्या स्त्रीचे नाव सभासदांच्या यादीत असले पाहिजे. दहा मिनिटांत माल पोचविण्याची शर्यत आपण लावू नये. संध्याकाळपर्यंत आलेली डाळही शिजते.

मित्रहो, दुकान पुढच्या पिढीला देणे म्हणजे केवळ पाटी आणि गाळा देणे नव्हे. खतावणी ज्याच्या हाती, दुकान त्याचे. ती दुकानदार, त्याचे कामगार आणि त्याचे ग्राहक यांच्या सामायिक हातात राहावी, यासाठी प्रत्येक तालुक्यात एक तरी प्रयोग उभा करणे हे आपले काम आहे.