आमची मिरजी

(विहाराच्या वर्धापन दिनी नांदेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला लातूरहून बोलावलं ते गिरणी कामगारांच्या प्रश्नावर बोलायला. त्यावर आम्ही दरसाल बोलतोच. आज आमच्या घरात झालेल्या एका मरणाविषयी बोलणार आहोत. मरण कुत्रीचं आहे. कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं.

२०१६ साली लातूरला पाणी नव्हतं, हे नांदेडकरांना सांगायला नको. भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डबे, पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात आमच्या धाकटीनं घागरींच्या रांगेतून एक पिल्लू उचलून आणलं. माणसाला मोजून पाणी, आणि त्यात हा नवा वाटेकरी! आम्ही लई रागावलो. लेकीनं आपल्या वाट्याच्या तांब्यातून त्याला पाजलं. मिरजेच्या पाण्यावर जगली म्हणून नाव पडलं मिरजी.

आम्ही डाळ मिलमध्ये कामाला. दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी यायचो. सायकल कोपऱ्यावर वळली की ही उठून उभी. कपड्यावरचा तुरीचा भुसा हुंगल्याशिवाय आत जाऊ द्यायची नाही. नऊ वर्षं असं चाललं.

२०२५ च्या एप्रिलात ती एकाएकी फार पाणी पिऊ लागली. आम्ही म्हणालो, ऊन आहे. मग तिनं भाकरी सोडली, पोट फुगलं. आम्ही म्हणालो, म्हातारपण आहे. तिसऱ्या दिवशी माणसाची तापाची अर्धी गोळी चुरून दिली. ही चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही. माणसाची गोळी कुत्र्याला विषासारखी होऊ शकते, हे आम्हाला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी खाडा करून टेम्पोनं दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टर बाई उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. पोटाला हात लावताच त्यांनी विचारलं, "माजावर कधी आली होती?" कारभारणीनं बोटं मोजली, दीड महिना झाला होता. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न केलेल्या मोठ्या वयाच्या कुत्रीला हे होतं, बहुतेक माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत. पाणी फार पिणं हीच त्याची खूण. कधी मागून घाण जाते, कधी तोंड बंद राहून सगळं आतच साचतं, आणि ते जास्त वाईट. तरुणपणी नसबंदी केली असती तर ही वेळच आली नसती. ज्यांच्या दारात कुत्री आहे त्यांनी एवढं तरी आमच्याकडून ऐकून जावं.

बाई म्हणाल्या, विष रक्तात गेलंय, मूत्रपिंड थकलंय. ऑपरेशन करू, पण आशा थोडी. नाही तर इंजेक्शन देऊन शांत झोपवता येईल.

बंधू-भगिनींनो, पहिलं शील आम्ही रोज म्हणतो. विहारात म्हणताना कधी अडखळलो नाही. त्या टेबलापुढं मात्र तोंडातून शब्द निघेना. मारू नये हे बरोबर. पण ती कण्हत होती, ते चालू ठेवणं बरोबर कसं? कारभारणी म्हणाली, "ऑपरेशन करा." आम्ही सही केली. ऑपरेशन नीट झालं. तिनं डोळे उघडले, धाकटीचा हात चाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या अंगणात गेली. मधले दोन दिवस तिला त्रास झाला. आपण सही केली ती तिच्यासाठी की आपल्यासाठी, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

परसात कंबरभर खड्डा करून पुरली. आम्ही रडलो. शेजारचे एक आजोबा काठी टेकत आले नि म्हणाले, "कुत्र्यासाठी रडता? आपल्या बापजाद्यांना कुत्र्याएवढी तरी किंमत होती का?"

त्यांचं खोटं नव्हतं. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. म्हणून तर २० मार्च १९२७ झालं. १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत गांधीजींच्या भेटीत बाबासाहेबांनी हेच तोंडावर सुनावलं, की जिथं आम्हाला कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागवतात, त्या देशाला आपला कसा म्हणू.

आम्ही आजोबांना घरात नेलं. भिंतीवर राजगृहातला फोटो आहे, फेब्रुवारी १९३४ चा. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि त्यांच्यात टॉबी. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. कुत्र्याची उपमा ज्यांनी एवढ्या संतापानं दिली, त्यांच्याच घरच्या फोटोत कुत्रा बसलेला आहे. संताप कुत्र्यावर नव्हता, आजोबा.

आजोबा बराच वेळ फोटो बघत राहिले. "साहेबांचं वेगळं," म्हणाले आणि काठी टेकत निघाले. उंबऱ्याशी मिरजीची पाण्याची वाटी पालथी पडली होती. ती त्यांनी काठीनं सरळ केली.

आता तिच्यातलं पाणी चिमण्या पितात. भरायचं काम धाकटीकडे आहे.

जयभीम.